गोळ्या लगेच सुरू करा, सांगण्याची घाई नको

प्रश्न: वय २१. मागच्या आठवड्यात एचआयव्ही पॉझिटिव्ह असल्याचे कळले. औषध कधी सुरू करायचे, घरी सांगायचे का, कॉलेज चालू ठेवता येईल का, पुढे लग्न आणि मुले होतील का, काहीच सुचत नाही. रात्रभर झोप लागत नाही. सुरुवात कुठून करू?

उत्तर:

तुमच्या एका प्रश्नात पाच-सहा प्रश्न गुंतले आहेत आणि झोप उडण्याचे अर्धे कारण तो गुंता आहे. आधी तो सोडवू. काही कामे येत्या पंधरवड्यातली आहेत: निदान पक्के करणे, सुरुवातीच्या तपासण्या, औषध. काहींना महिने मिळतात: घरी सांगणे, मित्रांना सांगणे. लग्न आणि मुले यांना तर वर्षे आहेत. पहिल्या कामांना उशीर झाला तर शरीर त्याची किंमत मोजते. सांगण्याचे मात्र उलटे आहे. गोळी मानवली नाही तर बदलता येते, पण एकदा तोंडातून गेलेला शब्द परत घेता येत नाही. नव्याने निदान झालेली तरुण मुले घाबरून नेमके उलट करतात. पहिल्याच रात्री चार जणांना मेसेज जातो आणि दवाखान्याची पायरी चढायला सहा महिने लागतात.

तुमच्या बाकीच्या शंकांची थोडक्यात उत्तरे आधी देतो, म्हणजे पुढचे शांतपणे वाचता येईल. कॉलेज चालू ठेवता येते. नोकरी करता येते. लग्न करता येते. जोडीदाराला लागण न होता सहजीवन शक्य आहे आणि एचआयव्ही नसलेली मुले होऊ शकतात. औषध वेळेत सुरू करून रोज घेतले तर आयुर्मान जवळजवळ इतरांइतकेच असते. या सगळ्याचा पाया रोजची गोळी आहे, म्हणून हे उत्तर तिच्याबद्दल जास्त बोलेल.

निदान पक्के झाले आहे का, हे पाहा. एकाच झटपट चाचणीवर किंवा घरी केलेल्या स्वचाचणीवर निदान होत नाही. जागतिक आरोग्य संघटना २०१९ पासून सांगते की एकापाठोपाठ तीन वेगवेगळ्या चाचण्या पॉझिटिव्ह आल्या तरच निदान मानावे, आणि औषध सुरू करण्याआधी नवा नमुना घेऊन पुन्हा एकदा खात्री करावी. नमुन्यांची अदलाबदल, नावाची चूक अशा गोष्टी कुठेही होऊ शकतात. ही दुसरी खात्री त्यासाठीच असते. तुमच्या अहवालावर किती चाचण्या आणि कोणत्या आहेत, हे विचारायला संकोच करू नका. एकदा गोळ्या सुरू झाल्यावर मात्र 'बघू आता निगेटिव्ह येते का' म्हणून ठिकठिकाणी तपासत फिरू नका. या चाचण्या शरीरातली प्रतिपिंडे शोधतात आणि ती औषध घेऊनही राहतात. औषधाचे काम कळते ते व्हायरल लोडवरून, म्हणजे रक्तातल्या विषाणूच्या मोजणीवरून.

पहिल्या भेटीत साधारणपणे या रक्ततपासण्या होतात: सीडी४, व्हायरल लोड, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांसाठी), यकृताची तपासणी, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस. शिवाय क्षयरोगाचे चार प्रश्न विचारले जातात: खोकला, ताप, रात्री घाम, वजन घटणे. यातले एक जरी लक्षण असेल तर लपवू नका. डोक्यात दुखणे आणि मान आखडणे असेल तर तेही आधी सांगा. मेंदूच्या आवरणाला क्षयरोगाचा किंवा क्रिप्टोकॉकस बुरशीचा संसर्ग असेल तर एचआयव्हीची औषधे काही आठवडे थांबून द्यावी लागतात. 'लगेच सुरू करा' या सल्ल्याला हा महत्त्वाचा अपवाद आहे.

आकडे कसे वाचायचे ते सांगतो, कारण अहवाल हातात पडल्यावर सर्वांत जास्त भीती त्यांचीच वाटते. सीडी४ म्हणजे प्रतिकारशक्तीच्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींची संख्या. निरोगी माणसात ती साधारण ५०० ते १५०० असते. २०० च्या खाली गेली तर गंभीर संसर्गांचा धोका बराच वाढतो आणि को-ट्रायमोक्झॅझोलसारखे प्रतिबंधक औषध व जादा तपासण्या लागतात. हा आकडा सर्दी-तापाने किंवा दिवसाच्या वेळेनुसारही थोडा हलतो, त्यामुळे ४८० चे ४३० झाले म्हणून जीव टांगणीला लावू नका. व्हायरल लोड म्हणजे एक मिलिलिटर रक्तात विषाणूच्या किती प्रती आहेत ते. उपचाराआधी तो काही हजार असतो, लाख असतो, संसर्ग अगदी ताजा असेल तर दहा लाखांच्या पुढेही जातो. तो मोठा दिसला म्हणजे तुमचे काही बिघडून गेले असा अर्थ नाही. औषधाने लाखाचा आकडाही खाली येतोच. आणि या दोन्ही आकड्यांवरून संसर्ग नेमका कधी झाला, कोणाकडून झाला, हे ठरवता येत नाही.

औषध कधी? निदान पक्के झाल्यापासून सात दिवसांच्या आत, मनाची तयारी असेल तर त्याच दिवशी. 'सीडी४ चांगला आहे, मग थांबा' हा सल्ला २०१५ साली मोडीत निघाला. त्या वर्षी जाहीर झालेल्या 'स्टार्ट' या अनेक देशांतल्या अभ्यासात सीडी४ ५०० च्या वर असतानाच औषध सुरू केलेल्यांमध्ये गंभीर आजार किंवा मृत्यूचा धोका, थांबलेल्यांच्या तुलनेत, ५७ टक्क्यांनी कमी निघाला. इंटरनेटवर अजूनही ३५० ची जुनी मर्यादा सांगणारी पाने आहेत. एचआयव्हीबद्दल काहीही वाचताना आधी ते कोणत्या वर्षी लिहिले आहे ते पाहा. २०१५ च्या आधीचा उपचाराचा सल्ला बाजूला ठेवा, आणि १९९६ च्या आधीचे, म्हणजे एकत्रित औषधोपचार येण्यापूर्वीचे, भविष्य तुमचे नाहीच.

आज जगभर बहुतेक ठिकाणी पहिली गोळी म्हणून टीएलडी दिली जाते. तिच्यात टेनोफोविर ३०० मिलिग्रॅम, लॅमिवुडिन ३०० मिलिग्रॅम आणि डोल्युटेग्राविर ५० मिलिग्रॅम अशी तीन औषधे असतात. दिवसातून एकच गोळी. पोट भरलेले असो वा रिकामे, चालते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत मळमळ, डोकेदुखी, जुलाब, विचित्र स्वप्ने किंवा झोप न लागणे होऊ शकते. बहुतेकांचे ते आपोआप ओसरते. तुमची झोप आधीच उडालेली आहे, म्हणून माझा सल्ला असा की गोळी सकाळीच घ्या. डोल्युटेग्राविरने झोप बिघडते अशी तक्रार रात्री घेणाऱ्यांची जास्त असते. रात्रीची वेळ सकाळवर आणायची असेल तर पुढची गोळी लवकर घेऊन आणा, उशीर करून नको. काहींचे वजन वाढते, तेव्हा पहिल्या महिन्यातच वजन नोंदवून ठेवा.

क्रिएटिनिन सुरुवातीला किंचित वाढलेले दिसले तर लगेच 'किडनी गेली' असे समजू नका. डोल्युटेग्राविर मूत्रपिंडातून क्रिएटिनिन बाहेर टाकण्याचा एक मार्ग अडवते, त्यामुळे मूत्रपिंडांना इजा न होताही आकडा थोडा चढतो आणि तिथे स्थिरावतो. पुढे चढतच राहिला तर टेनोफोविरचा संशय घ्यावा लागतो आणि औषध बदलता येते. अंगावर पुरळ आणि सोबत ताप, तोंडात फोड, चेहऱ्यावर सूज, डोळे पिवळे होणे यांपैकी काही झाले तर मात्र पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

सीडी४ खूप कमी असलेल्यांनी एक गोष्ट आधीच समजून घ्यावी. गोळ्या सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ताप येणे, गाठी सुजणे, खोकला वाढणे असे होऊ शकते. सावरलेली प्रतिकारशक्ती शरीरात दडलेल्या संसर्गावर तुटून पडते, त्याचा हा परिणाम असतो. 'गोळ्यांनी आजारी पाडले' असे वाटून अनेक जण इथेच औषध सोडतात. सोडू नका, दाखवा.

दुसऱ्या औषधांशी होणारा झगडा हे गोळी काम न करण्याचे एक दुर्लक्षित कारण आहे. ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम असलेली ॲसिडिटीची औषधे डोल्युटेग्राविरला पोटातच पकडून ठेवतात. ती घ्यायची असतील तर आधी टीएलडी घेऊन दोन तासांनी घ्या, किंवा ती घेतल्यावर सहा तासांनी टीएलडी घ्या. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांनाही हेच अंतर; फक्त जेवणासोबत घेतल्या तर त्या टीएलडीबरोबर चालतात. मल्टिव्हिटॅमिनमध्येही हे धातू असतात, ते कोणाच्या लक्षात येत नाही. फिटची काही औषधे (कार्बामॅझेपिन, फेनिटॉइन, फिनोबार्बिटल) आणि उदासीवर घेतली जाणारी सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती डोल्युटेग्राविरची रक्तातली पातळी खाली आणतात. क्षयरोगासाठी रिफाम्पिसिन चालू असेल तर डोल्युटेग्राविर १२ तासांच्या अंतराने दोनदा घ्यावे लागते. मधुमेहाच्या मेटफॉर्मिन या औषधाचा दिवसाचा डोस साधारण १००० मिलिग्रॅमपर्यंत मर्यादित ठेवतात. थोडक्यात, व्यायामशाळेतली पावडर धरून तुम्ही जे जे तोंडात टाकता त्याची यादी डॉक्टरांना दाखवा. दारूबद्दलही स्पष्ट सांगतो. दारू प्यायलेल्या दिवशी गोळी 'चढेल' किंवा विषारी होईल या समजुतीने लोक त्या दिवसाची गोळी गाळतात. दारूचे तोटे आहेतच, पण गाळलेल्या गोळीचा तोटा इथे मोठा आहे. प्यायलात तरी गोळी घ्याच.

गोळी चुकली तर आठवेल तेव्हा घ्या. पुढच्या गोळीला चार तासांहून कमी वेळ उरला असेल तर चुकलेली सोडून द्या आणि नेहमीच्या वेळी एकच घ्या. भरपाई म्हणून दोन एकदम नकोत. गोळी घेतल्यावर तासाभरात उलटी झाली तर पुन्हा एक घ्यावी लागते. महिन्यातून एखादी चुकली म्हणून आकाश कोसळत नाही. घातक असतो तो खंड: परीक्षेचा आठवडा, सहल, भांडणानंतरचे 'आता काय उपयोग' असे चार-पाच दिवस. विषाणूचा काही भाग दीर्घकाळ जगणाऱ्या सीडी४ पेशींमध्ये निपचित दडून असतो आणि तिथे औषध पोचूनही त्याला मारू शकत नाही. गोळ्या थांबल्या की तो बहुधा दोन ते चार आठवड्यांत पुन्हा रक्तात येतो. औषधाला 'सुट्टी' देऊन पाहणारा 'स्मार्ट' नावाचा मोठा अभ्यास झाला होता. २००६ मध्ये आलेल्या त्याच्या निष्कर्षात सुट्टी घेणाऱ्यांत संधिसाधू आजार (प्रतिकारशक्ती घटल्यावर डोके वर काढणारे) किंवा मृत्यूचा धोका अडीच पटींहून अधिक होता. हिपॅटायटिस बी सोबत असेल तर कारण आणखी एक आहे. टेनोफोविर आणि लॅमिवुडिन त्या विषाणूलाही दाबून ठेवतात, आणि अचानक थांबवल्यास यकृताला जोराची सूज येऊ शकते.

रोजच्या सवयीचे तपशील क्षुल्लक वाटतात, पण गाडी अडते ती तिथेच. गोळी अशा कामाला जोडा जे सुट्टीच्या दिवशीही चुकत नाही, उदाहरणार्थ दात घासणे. फोनवर गजर लावा, पण त्याला औषधाचे नाव देऊ नका. 'पाणी', 'चार्जर' असे काहीही चालेल. घेतली का नाही हा गोंधळ टाळायला सात कप्प्यांची डबी चांगली: कप्पा रिकामा म्हणजे घेतली. डबीत एका आठवड्यापुरत्याच गोळ्या काढा. बाकीच्या मूळ बाटलीत, आतल्या ओलावा शोषणाऱ्या पुडीसकट, घट्ट झाकण लावून ठेवा, कारण टेनोफोविर दमटपणाने खराब होते. तेच कारण प्लॅस्टिकच्या पिशवीत महिन्याच्या गोळ्या ओतू नयेत याचे. वसतिगृहात बाटलीचा खुळखुळाट लपवायला तोंडाशी स्वच्छ कापसाचा बोळा बसतो. एक-दोन गोळ्या रोजच्या बॅगेत वेगळ्या असाव्यात, म्हणजे मुक्काम लांबला तरी अडत नाही. प्रवासात लागतील त्याहून आठवडाभराच्या जास्त न्या आणि सगळ्या एकाच सामानात ठेवू नका. शेवटच्या दहा गोळ्या उरल्या की नव्या आणायची तारीख आलीच असे समजा.

आता मनाबद्दल. पहिल्या काही आठवड्यांत धक्का, राग, शरम, बधिरपणा हे सगळे एका दिवसात चारदा येऊन जाते. तसे होणे हा आजार नाही. 'माझीच चूक' हा विचार फार चिवट असतो. त्याला उत्तर म्हणून इतकेच: संसर्ग हा एका विषाणूचा एका शरीरातून दुसऱ्या शरीरात झालेला प्रवास आहे, तो चारित्र्याचा निकाल नाही. जबरदस्तीतून संसर्ग झाला असेल तर ते समुपदेशकाला जरूर सांगा, कारण मग उपचाराइतकीच तुमच्या सुरक्षिततेची सोय लागते. 'कोणी दिला' याचा शोध पहिल्या महिन्यात घेऊ नका. उत्तर बहुधा मिळत नाही आणि त्या धुंडाळण्यात झोप आणि गोळ्या दोन्ही जातात.

रात्रीसाठी एक साधा उपाय. वही ठेवा. रात्री येणारा प्रत्येक प्रश्न तिच्यात लिहा आणि पुढच्या भेटीत ती वही समोर ठेवा. रात्री अकरानंतर एचआयव्हीबद्दल काहीही शोधायचे नाही, हा नियम स्वतःला घालून घ्या. थकलेले मन सर्वांत भीतिदायक पान निवडते. उठण्याची वेळ एकच ठेवा, झोप लागो न लागो. कॉलेजला आठवडाभर दांडी मारली तरी चालेल, पण पूर्ण सोडण्याचा निर्णय पहिल्या तीन महिन्यांत घेऊ नका.

उदासी किंवा कशातच रस न वाटणे दिवसाचा बराच वेळ, जवळजवळ रोज, सलग दोन आठवडे राहिले तर ते नैराश्य असू शकते. त्यावर उपचार आहेत आणि नैराश्याच्या बहुतेक गोळ्या टीएलडीसोबत घेता येतात. तुम्हाला टीएलडीऐवजी एफाविरेंझ असलेले एचआयव्हीचे औषध मिळाले असेल तर डॉक्टरांना हे जास्त तातडीने सांगा, कारण ते औषध स्वतःच मन खचवू शकते. जगू नये असे विचार येत असतील तर ते आजच कोणाला तरी शब्दांत सांगा: समुपदेशक, डॉक्टर, आत्महत्या प्रतिबंधाची हेल्पलाइन. कारण सांगायची गरज नाही, 'मला एकटे सोडू नका' इतके पुरे. त्या रात्री एकटे राहू नका आणि घरातला औषधांचा साठा दुसऱ्या कोणाच्या हवाली करा. निदानानंतरचे पहिले काही महिने या बाबतीत सर्वांत नाजूक असतात आणि ते सरतात.

एचआयव्हीसह जगणाऱ्या तुमच्याच वयाच्या कोणाशी बोलता आले तर फार फरक पडतो. झिम्बाब्वेमध्ये 'झ्वांदिरी' नावाचा कार्यक्रम आहे. शोना भाषेत त्याचा अर्थ 'मी जसा आहे तसा'. तिथे एचआयव्ही असलेली १८ ते २४ वर्षांची प्रशिक्षित मुले-मुली इतर किशोरांना साथ देतात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशी साथ मिळालेल्यांमध्ये उपचार अपयशी ठरण्याचे किंवा मृत्यूचे एकत्रित प्रमाण ४२ टक्क्यांनी कमी दिसले. तुमच्या उपचार केंद्रात तरुणांचा गट आहे का, हे नक्की विचारा. अनोळखी ऑनलाइन गटात मात्र खऱ्या नावाने जाऊ नका.

सांगण्याबद्दल. वैद्यकीयदृष्ट्या पाहता कॉलेजला, वसतिगृहाला, वर्गमित्रांना सांगण्याचे काहीही कारण नाही. एकत्र जेवण्याने, भांड्यांनी, स्वच्छतागृहाने, मिठीने, खोकल्याने, डासांनी एचआयव्ही पसरत नाही. फक्त रेझर आणि टूथब्रश स्वतःचे ठेवा. उपचार करणाऱ्या इतर डॉक्टरांना, दंतवैद्यांना सांगितलेले बरे, कारण औषधांची टक्कर टळते. ज्यांना खरोखर कळायला हवे ते लैंगिक जोडीदार, आणि ज्यांच्यासोबत सुई वापरली गेली ते.

घरच्यांपैकी कोणाला सांगायचे ठरवण्याआधी स्वतःला विचारा: या व्यक्तीकडून मला नेमके काय हवे आहे? सोबत, पैसे, दवाखान्यात येणे, की फक्त ऐकून घेणे? उत्तर सापडले नाही तर अजून थांबा. मग चाचपणी करा. एखाद्या बातमीच्या निमित्ताने एचआयव्हीचा विषय काढा आणि ती व्यक्ती काय बोलते ते ऐका. सांगायचे तेव्हा समोरासमोर, घाईची वेळ टाळून, एकाच व्यक्तीला सांगा. पहिली दोन वाक्ये पाठ करून ठेवा, कारण ऐनवेळी शब्द सापडत नाहीत. उदाहरणार्थ: 'मला एका आजाराबद्दल सांगायचे आहे. मला एचआयव्ही आहे, औषध सुरू केले आहे आणि डॉक्टर म्हणतात की मी नीट राहीन. तुम्ही आत्ता काही करायला हवे असे नाही, फक्त ऐका.' त्यानंतर थांबा. समोरचा रडला, चिडला किंवा गप्प झाला तर तो त्याचा पहिला तास आहे; त्यावरून शेवटचा निकाल लावू नका.

इथे एक चूक जवळजवळ सगळे करतात. 'कोणालाही सांगू नको' एवढेच म्हणून ते मोकळे होतात आणि ऐकणाऱ्याच्या छातीवर धोंडा राहतो. तो माणूस कधीतरी कोणाजवळ तरी बोलणारच. म्हणून त्याच क्षणी त्यालाही बोलायला एक जागा द्या: 'तुम्हाला याबद्दल बोलावेसे वाटले तर माझ्या समुपदेशकांशी बोला, मी त्यांना सांगून ठेवतो.' बातमी फुटण्याचे प्रमाण याने सर्वांत जास्त कमी होते, असे माझे ठाम मत आहे. आणि काहीही लिहून पाठवू नका. अहवालाचा फोटो फोनमध्ये ठेवला तर तो घरच्यांच्या सामायिक खात्यात आपोआप जाऊन बसतो. फोल्डर कुलूपबंद करा किंवा कागदच ठेवा. तुम्ही १८ वर्षांखालील असाल, किंवा विमा पालकांच्या नावावर असेल, तर अहवाल आणि बिल कोणाकडे जाईल हे तपासणीआधीच विचारून घ्या.

जोडीदाराला तपासणीसाठी कळवण्याचे तीन रस्ते आहेत. तुम्ही स्वतः सांगणे, समुपदेशकासमोर दोघांनी बसून बोलणे, किंवा आरोग्य कर्मचाऱ्याने तुमचे नाव न घेता कळवणे. मारहाणीची भीती असेल तर पहिला रस्ता धरू नका. मागच्या ७२ तासांत संबंध आला असेल तर घाई करा, कारण लागण टाळण्यासाठीची २८ दिवसांची औषधे तेवढ्या वेळातच सुरू करता येतात. अनेक देशांत जोडीदाराला न सांगण्याबाबत कायदे आहेत. तुमच्याकडचा नियम समुपदेशकाला विचारा.

लैंगिक आयुष्य संपलेले नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'पार्टनर २' अभ्यासात ७८२ समलिंगी पुरुष जोडपी होती, प्रत्येक जोडप्यात एकाला एचआयव्ही होता आणि औषधाने तो दाबलेला होता. कंडोमशिवाय सुमारे ७६,००० वेळा संबंध आले. जोडीदाराकडून झालेली लागण शून्य. पंधरा पुरुषांना लागण झाली, पण विषाणूची जनुकीय तपासणी केल्यावर ती सगळी बाहेरून आल्याचे दिसले. स्त्री-पुरुष जोडप्यांत त्याआधीच्या अभ्यासांनी हेच दाखवले होते. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही तेच सांगितले: व्हायरल लोड अनडिटेक्टेबल, म्हणजे चाचणीत सापडणार नाही इतका कमी, असेल तर जोडीदाराला लैंगिक संबंधांतून लागण होण्याचा धोका शून्य. यात दोन अटी आहेत. गोळ्या सुरू करून साधारण सहा महिने झालेले असावेत आणि अहवालाने ते सिद्ध झालेले असावे. तोवर दर वेळी कंडोम, आणि जोडीदाराने हवे तर प्रतिबंधक गोळ्या घ्याव्यात. त्यानंतरही सिफिलिस, गनोरियासारखे आजार आणि नको असलेली गर्भधारणा यांसाठी कंडोम हवाच, कारण तिथे टीएलडीचा उपयोग नाही.

मुलांबाबत आकडे स्पष्ट आहेत. काहीच उपचार न घेतल्यास आईकडून बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. गर्भधारणेआधीपासून औषध चालू आणि विषाणू दबलेला असेल तर ती एक टक्क्याखाली येते. डोल्युटेग्राविरमुळे बाळाच्या मणक्यात दोष येतो अशी शंका २०१८ मध्ये आली होती. पुढे अधिक जन्मांची माहिती जमल्यावर तो धोका वाढलेला दिसला नाही, पण जुने इशारे अजून फिरत आहेत. गर्भनिरोधकांपैकी दंडात बसवायच्या इम्प्लांटचा परिणाम एफाविरेंझमुळे घटतो, डोल्युटेग्राविरमुळे नाही. मुलींनी आणि मुलांनीही एचपीव्हीची (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या विषाणूवरची) लस घ्यावी. एचआयव्ही असेल तर शक्यतो तीन डोस. स्त्रियांनी गर्भाशयमुखाची तपासणी २५ व्या वर्षापासून सुरू करावी. हिपॅटायटिस बीची लसही राहिली असेल तर घ्या.

ज्यांना एचआयव्ही जन्मापासून आहे आणि आत्ता कळले त्यांचा राग वेगळा असतो: 'इतकी वर्षे मला गोळ्या कसल्या म्हणून देत होतात?' तो राग रास्त आहे. पालकांवर चिडा, बोला, समुपदेशकासमोर भांडाही, पण गोळ्या बंद करून त्यांना शिक्षा देऊ नका. अशा मुलांची औषधे लहानपणी बदललेली असू शकतात, म्हणून जुन्या औषधांची यादी पालकांकडून लिहून घ्या. पुढे विषाणू औषधाला दाद देईनासा झाला तर डॉक्टरांना ती यादी लागते.

सहा महिन्यांनी पहिला खरा निकाल येतो. व्हायरल लोड ५० च्या खाली आला तर तो अहवाल जपून ठेवा. पुढची तपासणी बाराव्या महिन्यात आणि मग वर्षातून एकदा. ५० ते १००० च्या मध्ये आला तर घाबरून खोटे बोलू नका. किती गोळ्या चुकल्या, कोणत्या वेळी, सोबत काय घेत होता, हे खरे सांगितले की कारण बहुधा सापडते, आणि तीन महिने नीट घेऊन पुन्हा तपासतात. एकदाच ५० च्या थोडा वर जाऊन पुन्हा खाली येणे नेहमीचे आहे. १००० च्या वर राहिला तरच औषध बदलण्याचा विचार होतो. रोजची गोळी लपवणे जड जात असेल आणि विषाणू दबलेला असेल, तर दर दोन महिन्यांनी घ्यायच्या कॅबोटेग्राविर आणि रिल्पिविरिनच्या इंजेक्शनांबद्दल विचारा. हिपॅटायटिस बी असेल तर ती चालत नाहीत आणि ठरलेली तारीख चुकवून चालत नाही. पुढच्या भेटीला जाताना वही, चालू औषधांची यादी आणि उरलेल्या गोळ्यांची बाटली सोबत न्या. उरलेल्या गोळ्या मोजल्या की चुकलेल्या गोळ्यांचा हिशेब आपोआप लागतो.